कॅमेरा, पाणी आणि मीठ

कांग नदीच्या काठी वसलेल्या जामनेराहून समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. खानदेशातील या गावाच्या वाट्यास काळी जमीन, कापूस, केळी आणि वैशाखातले रणरणते ऊन आले. खारा वारा आला नाही. अशा गावच्या लोकांनी समुद्राच्या मिठापासून कॅमेरा कसा जपावा याचा विचार करावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु समुद्रकाठी राहणारा मनुष्य मिठाचा स्वभाव ओळखून असतो. खिडकीचे गज, सायकलची साखळी आणि दाराच्या बिजागऱ्या त्याला तो रोज शिकवीत असतात. फसतो तो चार दिवस समुद्र पाहून घरी परतणारा. मीठ त्याच्याबरोबर घरी येते, उन्हाळाभर निजून राहते आणि मृगाच्या सरी कोसळू लागल्या की जागे होते.

एक उदाहरण कल्पून पाहावे. जामनेरच्या एका घरची आजी. सारा जन्म तापी आणि वाघूर यांच्या पाण्यावर गेलेला. सत्तरी उलटली तरी समुद्र पाहिलेला नाही. मे महिन्याच्या सुटीत सारे घर गणपतीपुळ्यास जाते. आजी नऊवारीचा काठ वर धरून पहिल्याने लाटेत उभी राहते आणि पायांखालची वाळू सरकताच लहान मुलीसारखी हसते. नातू गुडघे टेकून, पाण्याच्या अगदी जवळ जाऊन, ते हसू टिपून घेतो. एक लाट फुटते, तुषार उडतात, कॅमेऱ्यावर चार थेंब पडतात. नातू खिशातल्या कोरड्या रुमालाने ते पुसतो. कॅमेरा चालू असतो; चिंतेचे कारण दिसत नाही.

मंडळी घरी येतात. जळगावकडे त्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. कॅमेरा कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवला जातो. आषाढात कांगेला पूर येतो, तो टिपावा म्हणून नातू कॅमेरा काढतो, तो काय? कळ दाबल्यावर वर येत नाही, बॅटरीच्या घरात हिरवट बुरशीसारखे काही चढलेले आहे, भिंगावर धुरकट पडदा आहे. घरातील सर्वांचे एकमत होते की, कॅमेरा पावसाने खाल्ला. आजी मात्र स्वयंपाकघरातून सहज बोलून जाते, “पावसायात मिठाले पानी सुटतेच, बाबा.” ती बोलत असते आपल्या बरणीविषयी, परंतु घरातील शहाण्या माणसांस न उमगलेले कारण तिच्या तोंडून निघून गेलेले असते.

पाणी आणि मीठ हे दोन शत्रू निरनिराळ्या जातीचे आहेत. गोडे पाणी पाहुण्यासारखे असते. आले तसे वाफ होऊन निघून जाते. मीठ हे बिऱ्हाड करून राहणारे आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याचा एक लहानसा थेंब सुकला, तर मागे दीड-पावणेदोन मिलिग्रॅम क्षार उरतो. तो डोळ्यांस जेमतेम दिसतो. परंतु यंत्राच्या सांध्यात, कळीच्या फटीत किंवा भिंगाच्या कड्याखाली शिरावयास त्याला तेवढे आकारमान पुरेसे असते.

या क्षाराचा मुख्य गुण असा की, तो हवेतील ओलावा ओढून घेतो. शुद्ध मीठ घेतले, तर हवेतील सापेक्ष आर्द्रता शेकडा ७५ च्या वर गेली की ते हवेतील पाणी शोषून स्वतःच विरघळू लागते. त्याखाली ते कोरडे राहते. समुद्राच्या क्षारात मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते याहून पुष्कळ कमी दमटपणातही ओलावा धरते. म्हणूनच खडेमीठ बारीक शुद्ध मिठापेक्षा लवकर पाझरते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. खानदेशच्या मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की, कॅमेऱ्यातील मीठ स्वस्थ पडून राहते. पावसाळ्यात आर्द्रता वाढते, त्या कणांभोवती खाऱ्या पाण्याची सूक्ष्म थारोळी जमतात, आणि गणपतीपुळ्यास पडलेला थेंब दीड महिन्याने जामनेरच्या कपाटात पुन्हा ओला होतो. दोष पावसाच्या माथी मारला जातो, परंतु बी पेरलेले असते मे महिन्यात.

ओल्या मिठाचे काम कसे चालते हेही पाहण्यासारखे आहे. ॲल्युमिनियमवर निसर्गतःच एक पातळ संरक्षक थर असतो. क्लोराइड त्याला भोके पाडते आणि आतील धातू कुरतडला जातो. शिवाय खारे पाणी हे विजेचे चांगले वाहक आहे. कॅमेऱ्यात बॅटरी बसविलेली असेल, तर जेथून वीज जाऊ नये तेथूनही ती वाहू लागते, तांब्याचे केसासारखे बारीक मार्ग विरघळतात आणि एका मार्गाचा धातू दुसऱ्यावर जाऊन बसतो. शाळेच्या प्रयोगशाळेत विद्युत्‌विघटनाचा जो प्रयोग काचपात्रात दाखवितात, तोच प्रयोग मग पाऊणलाखी यंत्राच्या पोटात चालू होतो.

ज्या मिठाची ही कथा, त्याचे छायाचित्रणाशी नाते मात्र अगदी जन्मापासूनचे आहे. इंग्लंडात हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३९ साली जी रीत जाहीर केली, तीत कागद प्रथम मिठाच्या पाण्यात भिजवून मग त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवीत. त्या दोहोंच्या संयोगाने प्रकाशास संवेदनशील असे सिल्व्हर क्लोराइड तयार होई. कागदावरील छायाचित्र या अर्थाने मिठाच्याच कुशीत वाढले. पुढे १८५१ नंतर ओल्या काचेची पद्धती रूढ झाली, तेव्हा तेच मीठ छायाचित्रकाराच्या मुळावर आले. काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे. त्या द्रावणास लावलेल्या पाण्यात मिठाचा अंश असला की ते दुधासारखे गढूळ होई. म्हणून छायाचित्रकारास औषधांइतकीच निर्मळ पाण्याची काळजी करावी लागे.

जामनेरच्या दक्षिणेस, डोंगर चढला की अजिंठ्याची लेणी लागतात. वाघूर नदी तिकडूनच जामनेर तालुक्यात उतरते. तेथील चित्रांच्या प्रती करण्याच्या कामावर मद्रासच्या लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ साली नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्यांनी मोठमोठी तैलचित्रे केली आणि ती विलायतेस पाठविली. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली आग लागली, आणि त्यांतील बहुतेक चित्रे जळून गेली. गिल यांनी मधल्या काळात कॅमेराही हाती घेतला होता. लेण्यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली होती. त्यांच्या अनेक प्रती निघाल्या होत्या आणि त्या ठिकठिकाणी पोचल्या होत्या. आगीला त्या साऱ्या सापडणे शक्य नव्हते. गिल १८७९ साली वारले. भुसावळास त्यांचे थडगे आहे. त्या थडग्यापासून घेण्याचा धडा असा की, जे चित्र एकाच ठिकाणी एकच असते ते आग, पाणी अथवा मीठ यांपैकी कोणाच्या तरी तावडीत आज ना उद्या सापडते. ज्याची दुसरी प्रत आहे, ते तरते.

यंत्र आणि चित्र यांत आधी काय वाचवावे, याचे उत्तर फ्रँक हर्ली या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने दक्षिण ध्रुवाकडील समुद्रात दिले. शॅकल्टन यांचे ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज १९१५ साली बर्फाच्या दाबाने चिरडले गेले. हर्ली यांच्या छायाचित्रांच्या काचा डाख लावून बंद केलेल्या पत्र्याच्या डब्यांत होत्या आणि ते डबे जहाजातील बर्फाळ पाण्याखाली गेले होते. हर्ली यांनी कपडे उतरले, त्या पाण्यात बुडी मारली आणि डबे वर काढले. आतील काचा सुरक्षित होत्या. पुढे बर्फावरून ओझे वाहून नेणे अशक्य, म्हणून त्यांनी सुमारे १२० काचा निवडून ठेवल्या आणि सुमारे ४०० स्वतःच फोडून टाकल्या, मागाहून मोह होऊ नये म्हणून. मोठे कॅमेरेही तेथेच टाकून दिले. जवळ ठेवला तो एक खिशातला लहान कोडॅक. त्या काचा पुन्हा डब्यात बंद होऊन होडीतून समुद्र तरून गेल्या, आणि आज त्या मोहिमेचे दर्शन जगाला घडते ते त्यांच्याच योगे.

त्याआधी आंद्रे आणि त्यांचे दोन सोबती १८९७ साली बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले होते. ते परतले नाहीत. तेहतीस वर्षांनी, १९३० साली, एका ओसाड बेटावर त्यांचे अवशेष सापडले आणि त्यांत छायाचित्रांच्या फिती होत्या. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी त्या काळजीपूर्वक धुतल्या आणि सुमारे २४० पैकी ९३ चित्रे मिळविली. भिजलेल्या चित्राची आशा लवकर सोडू नये, हे या उदाहरणावरून दिसते.

आता घरगुती व्यवहाराकडे वळावे. समुद्राकडे जाण्यापूर्वी ज्या गोष्टी करावयाच्या त्या साध्या आहेत. भिंगापुढे एक साधी काच, जिला फिल्टर म्हणतात, ती बसवावी. थेंब पडले तर तिच्यावर पडतात. कॅमेऱ्यावर जाड पारदर्शक पिशवी चढवून, भिंगापुरते तोंड ठेवून, ती रबराने बांधावी. भिंग बदलावयाचे असेल तर ते किनाऱ्यावर बदलू नये. वाऱ्यातील खारे सूक्ष्म तुषार डोळ्यांना दिसत नाहीत, पण कॅमेऱ्याचे तोंड उघडे दिसताच आत शिरतात. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून थंडगार कॅमेरा एकदम दमट हवेत आणला की त्यावर दव धरते, आणि आतूनही धरते. म्हणून तो बंद पिशवीतच अर्धापाऊण तास राहू द्यावा, बाहेरच्या उष्णतेशी त्याची ओळख होऊ द्यावी, आणि मग काढावा.

तुषार उडाले तर कोरड्या रुमालाने पुसणे ही सर्वांत सामान्य चूक होय. किनाऱ्यावरच्या थेंबात वाळूही असते. वाळूचा कण काचेहून कठीण असल्यामुळे तो घासला की भिंगावर कायमची रेघ उमटते. शिवाय कोरडे पुसल्याने पाणी जाते आणि मीठ पसरते. प्रथम रबरी फुग्याने वारा घालून वाळू उडवावी. त्यानंतर जुन्या धुवट लुगड्याचा मऊ तुकडा गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळावा आणि त्याने कॅमेऱ्याचे अंग, कळा, कडी, पट्टा सारे हलक्या हाताने पुसावे. तुकडा पुन्हा धुऊन पुन्हा पुसावे. भिंगासाठी त्याचा स्वतंत्र, स्वच्छ रुमाल असावा. शेवटी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. हे काम त्याच संध्याकाळी व्हावयास पाहिजे. त्याला लागणारी पंधरा मिनिटे चुकविणारा पुढे दुरुस्तीवाल्याच्या दारात पंधरा दिवस घालवितो.

गोडे पाणी म्हणताना मात्र खानदेश आणि वऱ्हाड यांतील मंडळींनी थोडे सावध असावे. जामनेरच्या पूर्वेस बुलढाणा जिल्हा लागतो आणि तेथून अकोला-अमरावतीपर्यंत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा पसरलेला आहे. तेथील कित्येक विहिरींचे पाणी समुद्राहून शेकडो किलोमीटर दूर असूनही खारट आहे. त्याच जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचे पाणी तर खारट आणि क्षारयुक्त असे दोन्ही आहे, आणि ते पाहावयास जाणारे पुष्कळजण काठाशी वाकून छायाचित्रे घेतात. अशा पाण्याने धुणे म्हणजे चिखलाने चिखल धुणे. ज्या पाण्याच्या भांड्यावर पांढरे पुट चढते, ते पाणी कॅमेऱ्यास लावू नये. गाळलेले पिण्याचे पाणी किंवा मोटारीच्या बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. ते स्वस्त असते आणि मागे काहीच ठेवीत नाही.

कॅमेरा प्रत्यक्ष समुद्रात पडला तर काय करावे? तो चालतो की नाही हे पाहण्यासाठी कळ दाबून पाहण्याचा मोह प्रथम आवरावा; त्या एका दाबण्याने विजेला आत मोकळे रान मिळते. तत्काळ बॅटरी काढावी, मेमरी कार्ड काढावे. कार्ड गोड्या पाण्यात धुऊन सावलीत पुरते सुकवावे. त्यात हलणारे भाग नसतात, म्हणून यंत्र गेले तरी बहुधा त्यावरील चित्रे शाबूत राहतात. भिजलेला कॅमेरा सुकू देणे हे सामान्य पाण्यात ठीक. समुद्राच्या पाण्यात सुकू देणे म्हणजे मीठ आत कायम करणे होय. तो गोड्या पाण्याने लवकर खळबळून घ्यावा, पाणी निथळू द्यावे, आणि विलंब न लावता जाणत्या कारागिराच्या हाती द्यावा. तो वाचेलच अशी खात्री कोणी देऊ नये. परंतु न धुतलेला जवळजवळ खात्रीने जातो.

भिजलेले यंत्र तांदळाच्या डब्यात पुरून ठेवावे, असा एक उपाय घरोघर सांगितला जातो. मिठाच्या भांड्यात चार दाणे तांदूळ टाकण्याची जुनी रीत आहे, तिच्यावरून तो सुचला असावा. तांदूळ ओलावा थोडासा आणि फार सावकाश ओढतो, पिठाची भुकटी मात्र फटींत सोडतो. आणि मीठ तर तो मुळीच बाहेर काढू शकत नाही. तांदळाने आपले काम पातेल्यात करावे.

आज बहुतेक घरांत कॅमेरा म्हणजे फोनच झाला आहे, आणि त्याच्या पेटीवर ‘आयपी ६७’ किंवा ‘आयपी ६८’ असे अंक असतात. त्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे. आठ म्हणजे त्याहून अधिक, किती ते कारखानदार सांगतो. ही परीक्षा नव्या यंत्राची आणि गोड्या, स्थिर पाण्यात घेतलेली असते. आदळणारी लाट, वाळू, मीठ आणि दोन वर्षांत म्हातारे झालेले रबर यांचा तीत हिशोब नसतो. अशा फोनला समुद्राचे पाणी लागले, तर तो गोड्या पाण्याने धुवावा आणि भारणाचे तोंड पूर्ण सुकल्याखेरीज त्यास वीज लावू नये.

राहता राहिला पावसाळा. आर्द्रता दीर्घकाळ शेकडा ६० ते ६५ च्या वर राहिली की भिंगावर बुरशी धरू लागते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि तिच्या आम्लाने काचेवरील लेप खाल्ला जातो. कातडी पिशवी ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात कॅमेरा तिच्यात निजवू नये. रबरी कडे असलेला हवाबंद डबा घ्यावा, त्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या आणि एक लहानसा आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४० ते ५० च्या दरम्यान असला म्हणजे निश्चिंत असावे. रंग बदलणारे दाणे असतील तर रंग बदलताच ते तापवून पुन्हा कोरडे करता येतात. मात्र त्यांतील निळ्या जातीत कोबाल्टचा विषारी क्षार असतो, म्हणून त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये. आठपंधरा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून हाताळावा. वापरातले यंत्र सहसा बुरसत नाही. हर्ली यांचे डाख लावलेले डबे आणि स्वयंपाकघरातील घट्ट झाकणाची बरणी यांत तत्त्व एकच आहे.

त्या कल्पिलेल्या घराची गोष्ट मात्र अर्धी राहिली. कॅमेरा बिघडला, परंतु गणपतीपुळ्याची चित्रे कोणी उतरवून घेतली नव्हती, ती आतल्या कार्डावरच होती. नातू ते हळूच काढतो. कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर पांढुरके डाग आहेत. ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून, मऊ कुंचल्याने ते झाडून, दोन दिवस सुकवून तो ते संगणकात घालतो. क्षणभर काही उमटत नाही. मग एकेक चित्र उघडू लागते. वाळू, नारळीची झाडे, फुटणारी लाट, आणि वर धरलेल्या काठाखाली दोन भिजलेली पावले. त्यांच्यावर आजीचे हसू.

त्या चित्राच्या त्याच संध्याकाळी तीन प्रती व्हावयास हव्यात: एक संगणकात, एक दुसऱ्या गावी असलेल्या मुलीच्या घरी, आणि एक कागदावर, आजीच्या हाती. कॅमेरा पुन्हा विकत घेता येतो. पहिल्यांदा समुद्र पाहणारी आजी दुसऱ्यांदा टिपता येत नाही.